कोणती डिस्क कोणती? टर्मिनलमधून जोडलेल्या डिस्क ओळखण्याची रीत

माझ्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मामांनी फार पूर्वी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवल्या. काही महिन्यांनी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकायचं ठरलं, म्हणून त्यासाठीचा पेनड्राइव्ह तयार करायला बसले. आदल्या दिवशी लिनक्सने पेनड्राइव्हला दिलेलं नाव एस-डी-बी होतं. त्या दिवशी हार्ड डिस्क आधीपासून जोडलेली होती, त्यामुळे एस-डी-बी हे नाव तिला मिळालं आणि पेनड्राइव्ह झाला एस-डी-सी. मी वरचा बाण दाबून कालचीच डी-डी कमांड (सांगितलेल्या डिस्कवर थेट लिहिणारी) आणली आणि एंटर मारलं. कमांडने काही विचारलं नाही. तिने सांगितलेलं काम चोख केलं आणि ओव्यांच्या डिस्कवर सुरुवातीपासून उबुंटू लिहून टाकलं.

फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रामने बरेचसे आवाज परत मिळाले, पण फाइलींची नावं गेली. दोन रात्री ऐकत बसून मी एकेक ओवी ओळखली आणि पुन्हा नाव दिलं. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, जिथे नवीन लिहिलं गेलं होतं, तिथल्या ओव्या आल्याच नाहीत. त्या कॅसेटींची फीतही तोवर चिकटून गेली होती.

आता नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मी मुलांना लिनक्स शिकवते, तेव्हा सगळ्यात आधी हाच धडा घेते: डिस्कवर काहीही लिहिण्याआधी यादी काढायची आणि ती नीट वाचायची. याला दोन मिनिटं लागतात.

लिपीबद्दल आधी सांगते. कमांड मी अक्षर सुटं करून देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरं सलग टाइप करायची, मधली जोडरेघ टाकायची नाही. खरोखरची उणे खूण हवी तिथे मी 'डॅश' लिहिलं आहे आणि मोकळी जागा हवी तिथे 'स्पेस'.

काय जवळ हवं

– लिनक्स असलेला कॉम्प्युटर. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, कोणतंही चालेल. विंडोज आणि मॅकचं पुढे सांगितलं आहे.
– त्या कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. काही कमांडना लागतो.
– डिस्कसोबत आलेली मूळ केबल. ड्रॉवरमध्ये सापडेल ती कोणतीही नव्हे. कारण पायरी ५ मध्ये आहे.
– कागद आणि पेन. यादीत दिसलेलं नाव आणि सीरियल नंबर हाताने लिहून ठेवा. पडद्यावरचं वर सरकून जातं आणि मग माणूस आठवणीवर विसंबतो.

पायरी १: डिस्क न लावता पहिली यादी काढा

पेनड्राइव्ह, कार्ड, बाहेरची डिस्क, सगळं काढून ठेवा. टर्मिनल उघडा (उबुंटूवर कंट्रोल, अल्ट आणि टी एकत्र दाबा) आणि लिहा:

एल-एस-बी-एल-के

नाव अवघड वाटलं तरी फोड सोपी आहे. एल-एस म्हणजे यादी दाखव आणि बी-एल-के म्हणजे ब्लॉक, कारण डिस्कवरचा मजकूर ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांनी वाचला-लिहिला जातो. या कमांडला पासवर्ड लागत नाही आणि ती कशालाही हात लावत नाही, फक्त दाखवते. बिनधास्त चालवा.

उबुंटूवर पहिल्यांदा ही यादी बघणारा गोंधळतो, कारण वरच्या बाजूला लूप०, लूप१, लूप२ अशा ओळींची रांग लागलेली असते. त्या डिस्क नाहीत. उबुंटूची स्नॅप पॅकेजं (त्यावरचे काही प्रोग्राम) अशा आभासी रूपात जोडलेली असतात. त्या गाळण्यासाठी:

एल-एस-बी-एल-के स्पेस डॅश ई स्पेस ७

७ हा लूप प्रकाराचा ठरलेला क्रमांक आहे. आता उरतात त्या खऱ्या डिस्क. ही यादी कागदावर उतरवा.

पायरी २: डिस्क लावा आणि दुसरी यादी काढा

आता हवी ती एकच डिस्क जोडा, पाचेक सेकंद थांबा आणि तीच कमांड पुन्हा चालवा. आधी नव्हती आणि आता आहे, ती ओळ तुमची. इतकी साधी आणि इतकी खात्रीची दुसरी युक्ती मला सापडलेली नाही. दोन-तीन डिस्क एकदम लावू नका, एकेक लावा.

डिस्क जोडली जाताना आत काय घडतं ते बघायचं असेल तर दुसऱ्या खिडकीत एस-यू-डी-ओ स्पेस डी-एम-ई-एस-जी स्पेस डॅश डब्ल्यू चालवून ठेवा (एस-यू-डी-ओ म्हणजे 'अ‍ॅडमिन म्हणून चालव', पासवर्ड इथे लागतो) आणि मग डिस्क लावा. लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, संदेश तिथे जसेच्या तसे उमटतात: नवीन यूएसबी वस्तू सापडली, कंपनी अमुक, आकार अमुक, नाव एस-डी-बी. थांबवायला कंट्रोल आणि सी. पायरी ५ मध्ये ही खिडकी पुन्हा लागणार आहे.

पायरी ३: यादी वाचायला शिका

इथे घाई करू नका. बहुतेक चुका यादी काढूनही ती न वाचल्यामुळे होतात.

आधी नावं. एस-डी ने सुरू होणारी नावं साटा (कॉम्प्युटरच्या आतली जोडणी) आणि यूएसबी डिस्कची. त्यानंतरचं अक्षर क्रमाने मिळतं: ए, बी, सी. हा क्रम म्हणजे कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडल्या तो, बाकी काही नाही. म्हणून आजची एस-डी-बी उद्या एस-डी-सी होऊ शकते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर आतल्या दोन डिस्कचीसुद्धा नावं कधी अदलाबदल होतात. माझ्या ओव्या याच एका गोष्टीपायी गेल्या, म्हणून पुन्हा सांगते: हे नाव कायमचं नाही.

नव्या लॅपटॉपमधल्या वेगवान एसएसडीचं नाव एन-व्ही-एम-ई ० एन १ असं असतं. आतल्या खाचेत घातलेलं मेमरी कार्ड बऱ्याचदा एम-एम-सी-बी-एल-के ० म्हणून येतं. सीडी ड्राइव्ह एस-आर ०. फेडोरावर झेड-रॅम ० अशी ओळ दिसली तर ती मेमरीतच बनवलेली जागा आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

नावाखाली झाडाच्या फांद्यांसारख्या ओळी फुटलेल्या असतात, ती पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग. एस-डी-बी ही अख्खी डिस्क आणि एस-डी-बी-१ हे तिच्यातलं पहिलं पार्टिशन. एन-व्ही-एम-ई मध्ये आकड्याआधी पी येतो: एन-व्ही-एम-ई ० एन १ पी १. एका आकड्याचा फरक दिसायला लहान आहे, पण एखादी कमांड अख्ख्या डिस्कवर चालते की एका भागावर, ते त्यावरच ठरतं.

मग साइजचा रकाना. ५०० जीबीची डिस्क इथे ४६५.८जी दिसते आणि नवीन माणसाला वाटतं दुकानदाराने फसवलं. तसं नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर ही कमांड १०२४ च्या पटीत मोजते. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१.५जी, २५६ जीबीची एसएसडी २३८.५जी आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण २९जी दिसतो. हे आकडे डोळ्यांखालून गेलेले असले की डिस्क पटकन ओळखता येते. बाइटमध्ये नेमका आकडा हवा असेल तर एल-एस-बी-एल-के स्पेस डॅश बी.

आरएम हा रकाना फसवतो. नावावरून वाटतं की १ म्हणजे काढता येणारी आणि ० म्हणजे आतली. पेनड्राइव्हला १ दिसतो हे खरं, पण एक्स्टर्नल हार्ड डिस्कला बऱ्याचदा ० च दिसतो. ० बघून 'ही आतली असेल' असं धरू नका, आणि १ नाही म्हणून 'माझी डिस्क आलीच नाही' असंही नको.

शेवटचा रकाना माउंटपॉइंट्स, म्हणजे त्या पार्टिशनमधल्या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये उघडल्या आहेत. ज्या ओळीसमोर नुसता स्लॅश आहे, ती तुमची चालू सिस्टीम. त्या ओळीवरून बोट वर सरकवत झाडाच्या मुळापर्यंत जा. मुळाशी जी डिस्क सापडेल तिला हात लावायचा नाही. मध्ये क्रिप्ट (कुलूपबंद भाग) किंवा एलव्हीएम (जागा वाटून देणारा मधला थर) लिहिलेल्या ओळी आल्या तरी मुळापर्यंत जायचंच. बाहेरची डिस्क उबुंटूवर मीडिया फोल्डरखाली तुमच्या नावाने दिसते, तर फेडोरावर रन फोल्डरमधल्या मीडियाखाली.

माउंटपॉइंट रिकामा असला म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नव्हे. फक्त ती अजून उघडलेली नाही. 'रिकामी दिसली म्हणून फॉरमॅट केली' हे वाक्य मी आजवर तीन जणांकडून ऐकलं आहे.

पायरी ४: सीरियल नंबरने पक्की ओळख पटवा

परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत दोन मुलींकडे एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले, एकाच रंगाचे ३२ जीबीचे पेनड्राइव्ह होते. एकात नोट्स होत्या, दुसरा रिकामा करायचा होता. आकार सारखा, मॉडेल सारखं. अशा वेळी ही कमांड:

एल-एस-बी-एल-के स्पेस डॅश डी स्पेस डॅश ओ स्पेस नेम,साइज,ट्रॅन,मॉडेल,सीरियल

नेम, साइज, मॉडेल आणि सीरियल हे शब्द इंग्रजीत जसे लिहितो तसेच. ट्रॅन म्हणजे टी-आर-ए-एन. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही, सोडली तर कमांड चिडते. डॅश डी मुळे पार्टिशन्स गळतात आणि फक्त डिस्क उरतात. ट्रॅन रकान्यात यूएसबी, साटा किंवा एनव्हीएमई असं लिहिलेलं येतं. आतली की बाहेरची हे ठरवायला आरएमपेक्षा हा रकाना कितीतरी भरवशाचा.

सीरियल नंबर डिस्कच्या पाठीवरच्या लेबलशी ताडून बघा. एक सावधगिरी: लॅपटॉपची जुनी डिस्क सुट्या यूएसबी डब्यात घातली असेल तर कधी डिस्कचा नव्हे, डब्यातल्या सर्किटचाच नंबर दिसतो, आणि स्वस्त डब्यांमध्ये तो सगळ्यांचा एकच असू शकतो. तेव्हा पायरी २ ची लावून बघण्याची रीतच कामी येते.

पार्टिशनची ओळख हवी असेल तर एल-एस-बी-एल-के स्पेस डॅश एफ चालवा. फाइल सिस्टीमचा, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा, प्रकार (एक्स्ट४, एनटीएफएस, एक्सफॅट वगैरे), तुम्ही दिलेलं लेबल आणि यूयूआयडी नावाची लांब खूण दिसते. एस-डी-बी सारखी नावं बदलतात, यूयूआयडी मात्र पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तीच राहते. एखादी डिस्क दर वेळी आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये नोंद करणार असाल तर तिथे यूयूआयडीच लिहा.

एफ-डी-आय-एस-के ही जुनी कमांडही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. एस-यू-डी-ओ स्पेस एफ-डी-आय-एस-के स्पेस डॅश एल, यातला डॅश एल विसरू नका. त्याच्यासकट ती फक्त यादी दाखवते. त्याच्याशिवाय एखाद्या डिस्कचं नाव दिलंत तर ती पार्टिशन बदलण्याच्या खोलीत घेऊन जाते. चुकून गेलात तर घाबरू नका, क्यू दाबून बाहेर या. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

पायरी ५: डिस्क दिसतच नसेल तर

"ताई, माझा पेनड्राइव्ह दिसूनच नाही राहिला!" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. मी ज्या क्रमाने तपासते तो असा.

केबल बघा. मोबाइलसोबत किंवा पॉवर बँकसोबत आलेल्या काही केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. डिस्कचा दिवा लागतो, ती फिरतेही, पण डी-एम-ई-एस-जी च्या खिडकीत एक ओळसुद्धा उमटत नाही. अशी शांतता दिसली की आधी केबल बदला.

मग वीज. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ठरलेल्या नियमाने ५०० मिलीअँपिअर मिळते, यूएसबी ३ मधून ९००. लहान हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त ओढ लागते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला किंवा बिनअ‍ॅडाप्टरच्या हबला लावली की ती टक-टक आवाज करत पुन्हा पुन्हा जोडली जाते आणि तुटते. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला तिचा वेगळा अ‍ॅडाप्टर लागतोच.

मोबाइल जोडला असेल तर तो या यादीत येणार नाही, कितीही वेळा बघा. आजचे अँड्रॉइड फोन एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने फाइली देतात, डिस्क म्हणून स्वतःला दाखवत नाहीत. एल-एस-यू-एस-बी या कमांडच्या यादीत मात्र फोन दिसेल. तीच कमांड पेनड्राइव्हसाठीही उपयोगी: तिथे दिसला आणि एल-एस-बी-एल-के मध्ये नाही, तर तार ठीक आहे, बिघाड पुढे कुठेतरी आहे.

आकार ०बी दिसला तर कार्ड रीडरमध्ये कार्ड नीट बसलेलं नाही, किंवा पेनड्राइव्हमधली चिप गेली आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ०बी दिसला तर आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

विंडोजच्या आत लिनक्स चालवत असाल (डब्ल्यूएसएल म्हणतात ते), तर एल-एस-बी-एल-के तिथल्या आभासी डिस्क दाखवते, तुमचा पेनड्राइव्ह नव्हे. कॉलेजची मुलं यात हमखास अडकतात. त्यांनी यादी विंडोजमधूनच काढावी. व्हर्च्युअलबॉक्सचंही (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) तसंच, तिथे यूएसबी वस्तू मेन्यूतून आत सोपवावी लागते.

आणि एक उलटी अडचण: डिस्क दिसते, पण खोटी. रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळालेला '१ टीबी'चा पेनड्राइव्ह यादीत ९०० च्या पुढे आकडा दाखवतो, कारण यादी त्याने सांगितलेलाच आकार छापते. खरी जागा थोडीशीच असते आणि ती भरली की पुढच्या फाइली नासतात. एफ३ नावाचं पॅकेज टाका, एफ३राइट ने रिकामा ड्राइव्ह भरा आणि एफ३रीड ने वाचून बघा. वेळ लागतो, पण महत्त्वाचं काही ठेवण्याआधी हे कराच.

नागपूरपुरती एक गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली डिस्क घरी आणून लगेच लावू नका, सावलीत निवू द्या. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, त्या हवेत ओल असते. स्मार्टमोनटूल्स पॅकेजमधली एस-एम-ए-आर-टी-सी-टी-एल ही कमांड आधी एस-यू-डी-ओ लावून, डॅश ए आणि डिस्कच्या पत्त्यासह चालवली की डिस्कचं तापमान आणि तब्येत दोन्ही कळतात.

पायरी ६: विंडोज आणि मॅकवर

विंडोजमध्ये पॉवरशेल (तिथली कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि गेट-डिस्क लिहा. इथली जोडरेघ खरी आहे, ती टाकायची. क्रमांक, नाव, सीरियल नंबर, आकार, सगळं एका ओळीत येतं. डिस्कपार्ट उघडून 'लिस्ट डिस्क' लिहिण्याचा सल्लाही खूप ठिकाणी मिळतो. यादीपुरता तो बरोबर आहे, पण नवख्यांना मी तिथे पाठवत नाही, कारण त्याच खिडकीतली 'क्लीन' ही कमांड निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशन्स एकदाही न विचारता पुसते. विंडोजमधले डिस्क क्रमांकही बदलतात, हे लक्षात असू द्या.

मॅकवर: डिस्कयुटिल स्पेस लिस्ट. ज्या ओळीत एक्स्टर्नल, फिजिकल असं लिहिलेलं असेल ती बाहेरून जोडलेली. सिंथेसाइज्ड लिहिलेल्या ओळी वेगळ्या डिस्क नाहीत, त्याच डिस्कवरचे एपीएफएसचे (मॅकच्या फाइल सिस्टीमचे) कप्पे आहेत.

पायरी ७: काढताना

कॉपीचा पट्टा १०० टक्क्यांवर गेला तरी बरंचसं लिखाण अजून मेमरीत थांबलेलं असतं. एस-वाय-एन-सी लिहा आणि कर्सर परत येईपर्यंत थांबा. मोठ्या व्हिडिओनंतर यात काही मिनिटंही जातात.

मग एस-यू-डी-ओ स्पेस यू-एम-ओ-यू-एन-टी स्पेस आणि पार्टिशनचा पूर्ण पत्ता, म्हणजे स्लॅश डी-ई-व्ही स्लॅश एस-डी-बी-१. कमांडमध्ये यू नंतर एन नाही, थेट एम आहे. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा अडतो. 'टार्गेट इज बिझी' असं उत्तर आलं तर बहुधा तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभं असतं. नुसतं सी-डी लिहून घरच्या फोल्डरमध्ये या आणि पुन्हा करा.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर शेवटी यू-डी-आय-एस-के-एस-सी-टी-एल स्पेस पॉवर-ऑफ (मधली जोडरेघ खरी) स्पेस डॅश बी स्पेस स्लॅश डी-ई-व्ही स्लॅश एस-डी-बी. इथे पार्टिशनचा आकडा नाही, अख्खी डिस्क. आतली चकती थांबते, दिवा विझतो, मग केबल काढा.

कागदावर लिहिलेल्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं एका चिकटपट्टीवर लिहून डिस्कला लावा. माझ्या एका डिस्कवर त्या चार अक्षरांखाली 'आजी' असंही लिहिलेलं आहे. तिची दुसरी प्रत धंतोलीत मामांच्या घरी असते.